इंग्रजी पॅटर्नवरून मुलाचा पहिला स्वेटर विणताना

सुलट आणि उलट टाका हाताला बसला आहे, एखादा मफलर विणून झाला आहे आणि आता घरातल्या लहानग्यासाठी स्वेटर करायचा आहे, अशा टप्प्यावर बहुतेकांचे काम कागदापाशी अडते. आपल्याकडे बाळंतविड्यातली टोपडी, मोजे आणि स्वेटर पुष्कळ वर्षे तोंडी सूचनांवर विणले गेले. "अजून चार बोटे वीण, मग मुंढ्याला टाके कमी कर," असे सांगणारी आजी किंवा मावशी शेजारीच बसलेली असे आणि चुकले तर तीच उसवून देई. आज हाती येणारे पॅटर्न बहुतांशी इंग्रजीत असतात, त्यांत शब्दांपेक्षा सुटी अक्षरे, आकडे, कंस आणि तारेच अधिक दिसतात, आणि शंका विचारायला जवळ कोणी नसते.

असा पॅटर्न वाचताना एक गोष्ट धरून ठेवली की गोंधळ बराच ओसरतो. पॅटर्नमधले प्रत्येक वाक्य विणून संपते तेव्हा सुईवर ठरावीक टाके उरलेले असतात. तो आकडा जुळला तर पुढे जायचे, जुळला नाही तर कितीही सुबक विणलेले असले तरी तिथेच थांबायचे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका सवयीभोवती रचल्या आहेत. उदाहरण म्हणून दोन वर्षांच्या मुलाचा, बिनबाह्यांचा, गोल गळ्याचा आणि एका खांद्यावर बटणे असलेला स्वेटर घेतला आहे.

१. पॅटर्न निवडणे

पहिल्या कपड्यासाठी पॅटर्न चित्रावर भाळून निवडू नका. चार गोष्टी तपासा: लोकरीची जाडी स्पष्ट दिली आहे का, दहा सेंटिमीटरला किती टाके यावेत ते लिहिले आहे का, तयार कपड्याची मापे दिली आहेत का, आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी उरलेल्या टाक्यांची संख्या छापली आहे का. यांतली शेवटची गोष्ट नवशिक्याला सर्वांत उपयोगी पडते. ज्या पॅटर्नमध्ये ती नाही, तो फुकट मिळत असला तरी पहिल्या वेळेस बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पॅटर्न ब्रिटिश आहे की अमेरिकन, हेही सुरुवातीलाच पाहून घ्या. ठरावीक लांबीत किती टाके आणि ओळी बसतात या प्रमाणाला ब्रिटिश पॅटर्न 'टेन्शन' म्हणतात, तर अमेरिकन पॅटर्न 'गेज' म्हणतात. टाके बंद करण्याला एकीकडे 'कास्ट ऑफ', तर दुसरीकडे 'बाइंड ऑफ' असे लिहिलेले असते. हे फरक निरुपद्रवी आहेत. मात्र ब्रिटिश पॅटर्नमधली 'मॉस स्टिच' म्हणजे अमेरिकन 'सीड स्टिच' असते आणि अमेरिकन 'मॉस स्टिच' ही निराळीच वीण असते, त्यामुळे अशा नावांपाशी खाली दिलेली ओळवार कृती वाचूनच वीण ठरवा.

२. सामान

• डबल निटिंग म्हणून विकली जाणारी मध्यम जाडीची लोकर
• ४ मिलिमीटर आणि ३.२५ मिलिमीटर जाडीच्या सुयांची एकेक जोडी
• टाके राखून ठेवण्यासाठी स्टिच होल्डर, किंवा वेगळ्या रंगाच्या लोकरीचा तुकडा
• निसटलेला टाका उचलायला क्रोशाची सुई
• शिवणीसाठी बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई
• मोजपट्टी, कात्री, पेन्सिल आणि पॅटर्नची कागदावर काढलेली प्रत

प्रत कागदावरच हवी, कारण तिच्यावर खुणा करायच्या आहेत. फोनच्या पडद्यावर पाहून विणणाऱ्याची ओळ हमखास हुकते.

सुयांच्या क्रमांकांनी पुष्कळांना फसवले आहे. आपल्याकडच्या दुकानांत सुया पुष्कळदा जुन्या ब्रिटिश क्रमांकांनीच मागितल्या जातात. त्या पद्धतीत ८ क्रमांकाची सुई ४ मिलिमीटरची, १० क्रमांकाची ३.२५ मिलिमीटरची आणि १२ क्रमांकाची २.७५ मिलिमीटरची असते, म्हणजे क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होत जाते. अमेरिकन क्रमांक नेमके उलटे चालतात आणि तिथली ८ क्रमांकाची सुई ५ मिलिमीटरची असते. अमेरिकन पॅटर्नमध्ये ८ वाचून दुकानात जाऊन ८ क्रमांकाची सुई मागितली, तर स्वेटर एक-दोन मापांनी लहान होईल. म्हणून क्रमांक विसरा आणि मिलिमीटर पाहा.

लोकरीच्या वेष्टनावरची 'प्लाय' ही संख्या केवळ पदर सांगते आणि तिच्यावरून जाडीचा भरवसा धरता येत नाही. वेष्टनावर सुचवलेली सुई आणि मीटरमधली लांबी पाहणे अधिक खात्रीचे. पॅटर्नमध्ये सांगितलेली लोकर मिळत नसेल, तर पर्यायी लोकर ग्रॅमवर न घेता मीटरवर घ्या, कारण सारख्याच वजनाच्या गुंड्यात ॲक्रिलिकची लांबी शुद्ध लोकरीपेक्षा जास्त भरते. सगळे गुंडे एकाच डाय लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, असावेत आणि एखादा जास्तच घ्यावा. दुकानात सारखा वाटणारा रंग उन्हात नेल्यावर पट्टा पडल्यासारखा वेगळा दिसू शकतो.

३. आपले माप ठरवून बाकीचे आकडे खोडणे

पॅटर्नच्या सुरुवातीला छातीची मापे अशी दिलेली असतात: ४६ (५३ : ५८ : ६३) सेंटिमीटर. त्यानंतर संपूर्ण पॅटर्नमध्ये प्रत्येक आकडा याच क्रमाने येतो. 'कास्ट ऑन ५८ (६६ : ७० : ७८) स्टिचेस' याचा अर्थ असा की ४६ च्या मापाला ५८ टाके घालायचे, ५३ ला ६६, ५८ ला ७० आणि ६३ ला ७८. जिथे एकच आकडा दिला असेल, तिथे तो सगळ्या मापांना लागू होतो.

माप वयावरून निवडू नका. दोन वर्षांच्या मुलाची छाती साधारण ५३ सेंटिमीटर धरली जाते, पण त्याच वयाची दोन मुले शेजारी उभी केली तरी हा आकडा किती वरखाली होतो ते कळेल. मुलाच्या काखेखालून मोजपट्टी फिरवून माप घ्या आणि त्याच्याशी जुळणारा आकडा निवडा. तयार स्वेटरचे माप छातीपेक्षा पाच-सात सेंटिमीटर जास्त दिसेल; ती ढिलाई पॅटर्नने आधीच धरलेली असते, आपण पुन्हा वाढवायची नसते. विणून होईपर्यंत मूल वाढणार असेल, तर सरळ पुढचे माप घ्या.

आता पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आपल्या मापाच्या प्रत्येक आकड्याभोवती गोल करा. हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि कंटाळवाणे आहे, तरी ते टाळू नका. विणण्याच्या भरात कंसातला तिसऱ्याऐवजी दुसरा आकडा वाचला जाणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे, आणि ती बहुधा दहा-बारा ओळी पुढे गेल्यावर लक्षात येते.

४. नमुन्याचा तुकडा

'२२ स्टिचेस अँड २८ रोज टू १० सेंटिमीटर्स', म्हणजे १० सेंटिमीटरला २२ टाके आणि २८ ओळी, ही ओळ बहुतेक जण ओलांडून पुढे जातात. सगळी मापे मात्र तिच्यावरच उभी असतात. ४ मिलिमीटरच्या सुयांवर ३० टाके घालून, एक ओळ सुलट आणि एक उलट अशा सुमारे ४० ओळी विणा, तुकडा धुऊन सपाट पसरून वाळवा, आणि कडा सोडून मधल्या भागात १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. अर्धा टाका दिसला तर तोही मोजा.

मागच्या भागाला ६६ टाके आहेत. १० सेंटिमीटरला २२ टाके येत असतील, तर तो भाग ३० सेंटिमीटर रुंद होतो आणि पुढचा-मागचा मिळून घेर ६० येतो. तुमचा हात सैल असून २० च टाके येत असतील, तर तोच भाग ३३ सेंटिमीटर होईल आणि घेर ६६ भरेल, म्हणजे स्वेटर चार वर्षांच्या मुलालाही ढिला होईल. हात घट्ट असून २४ टाके येत असतील, तर घेर ५५ वर येईल, आणि ५३ सेंटिमीटर छातीच्या मुलाला आतल्या सदऱ्यासकट तो चढवताना रडारड होईल. टाके जास्त येत असतील तर एक माप जाड सुया घ्या, कमी येत असतील तर बारीक घ्या आणि पुन्हा तुकडा विणा. मुद्दाम ओढून किंवा सैल सोडून विणण्याचा उपाय करू नका. चार ओळींनंतर हात आपल्या मूळ सवयीवर येतो.

५. लघुरूपे

पॅटर्नच्या शेवटी किंवा सुरुवातीला लघुरूपांची यादी असते. ती पाठ करण्याची गरज नाही, आपल्या पॅटर्नमध्ये येणाऱ्या आठ-दहा रूपांचा अर्थ समासात मराठीत लिहून ठेवला की पुरते.

• 'के' म्हणजे सुलट आणि 'पी' म्हणजे उलट. 'के ६' म्हणजे सहा टाके सुलट.
• 'एस टी एस टी' म्हणजे एक ओळ सुलट, एक ओळ उलट.
• 'के टू टॉग' म्हणजे दोन टाके एकत्र सुलट विणणे. कमी झालेला टाका उजवीकडे झुकतो.
• 'एस एस के' म्हणजे दोन टाके एकेक करून, सुलट विणताना सुई घालतो तशी घालून, न विणता उजव्या सुईवर सरकवायचे, मग डाव्या सुईचे टोक त्यांच्या पुढून घालून दोन्ही एकत्र विणायचे. हा टाका डावीकडे झुकतो.
• 'वाय ओ' म्हणजे सुईवर लोकरीचा एक वेढा घेणे. त्याने टाका वाढतो आणि तिथे छिद्र राहते. काज याच छिद्राचे करतात.
• 'एम १' म्हणजे दोन टाक्यांमधला आडवा धागा डाव्या सुईवर उचलून मागच्या बाजूने विणणे. टाका वाढतो, पण छिद्र राहत नाही.
• 'बेग' म्हणजे सुरुवात, 'रेम' म्हणजे उरलेले, 'फॉल' म्हणजे त्यानंतरचे, 'ऑल्ट' म्हणजे एकाआड एक, 'रेप' म्हणजे पुन्हा करणे, 'डेक' म्हणजे टाका कमी करणे, 'एस टी' म्हणजे टाका आणि 'एस टी एस' म्हणजे टाके.

'आर एस' आणि 'डब्ल्यू एस' यांच्यापाशी जरा थांबा. 'राइट साइड' म्हणजे कपड्याची बाहेर दिसणारी बाजू. तिचा उजव्या हाताशी काही संबंध नाही. 'राँग साइड' म्हणजे आतली बाजू. 'एंडिंग विथ अ डब्ल्यू एस रो' असे लिहिले असेल, तर नुकतीच संपवलेली ओळ आतल्या बाजूची असली पाहिजे आणि पुढची ओळ सुरू करताना बाहेरची बाजू तुमच्याकडे हवी. ही अट चुकली तर मुंढा एका ओळीने सरकतो आणि टाके कमी केल्याच्या खुणा आत जाऊन बसतात. बाहेरच्या बाजूला रंगीत धाग्याची एक गाठ बांधून ठेवली की दर वेळी विचार करावा लागत नाही.

६. तारे आणि कंस

खालच्या पट्टीची ओळ अशी येते: '* के २, पी २; रेप फ्रॉम * टू लास्ट २ एस टी एस, के २'. ताऱ्यापासून अर्धविरामापर्यंतचा तुकडा पुन्हा पुन्हा करायचा आणि शेवटी दोन टाके राहिले की ते सुलट विणायचे. ६६ टाक्यांत चार-चार टाक्यांचे १६ तुकडे, म्हणजे ६४ टाके, आणि वर दोन. हिशेब बरोबर बसतो. टाके घातल्यावर हा भागाकार करून पाहिला, तर टाके मोजण्यातली चूक पहिल्याच ओळीत सापडते. तुकडे संपून शेवटी दोनाऐवजी तीन टाके राहिले, तर एक टाका जास्त घातला गेला आहे किंवा मध्येच एक टाका दोनदा विणला गेला आहे.

कंसांची दोन कामे असतात आणि ती वेगळी ओळखावी लागतात. आकड्यांची मालिका असलेला कंस मापांचा असतो. ज्यात कृती लिहिली आहे आणि ज्याच्यापुढे 'टू टाइम्स' किंवा 'फोर टाइम्स' आहे, तो कंस पुनरावृत्तीचा असतो.

७. मुंढा: सर्वांत फसवे वाक्य

पट्टी ३.२५ च्या सुयांवर आणि अंग ४ च्या सुयांवर विणून एकूण २० सेंटिमीटर लांबी झाली की मुंढा सुरू होतो. लांबी मोजताना विणलेला भाग मांडीवर न ठेवता टेबलावर सपाट पसरा आणि ओढू नका. इथपर्यंत किती ओळी झाल्या ते मोजून कागदावर लिहा, कारण पुढचा भाग विणताना सेंटिमीटरपेक्षा ओळींवर विश्वास ठेवायचा आहे. दोन्ही भागांच्या ओळी सारख्या असल्या तरच बाजूच्या शिवणी सरळ बसतात.

आता पॅटर्न म्हणतो: 'कास्ट ऑफ ४ एस टी एस ॲट बेग ऑफ नेक्स्ट २ रोज.' टाके ओळीच्या सुरुवातीलाच बंद करता येतात, म्हणून एका बाजूचे चार या ओळीत आणि दुसऱ्या बाजूचे चार पुढच्या ओळीत बंद होतात. एक बाजू एका ओळीने वर दिसेल, ती तशीच असते. चौथा टाका बंद करायला पाचवा विणावा लागतो आणि तो विणलेला टाका उजव्या सुईवर उरतो. उरलेल्यांची मोजणी त्याच्यापासून करायची. पहिल्या ओळीनंतर ६२ आणि दुसऱ्या ओळीनंतर ५८ टाके राहिले पाहिजेत.

पुढचे वाक्य: 'डेक १ एस टी ॲट ईच एंड ऑफ नेक्स्ट अँड फॉल ४ ऑल्ट रोज. (४८ एस टी एस)'. इथे पुष्कळ जण चारदा टाके कमी करतात. 'नेक्स्ट' ही एक ओळ आणि तिच्यानंतरच्या एकाआड एक चार ओळी, असे मिळून पाच वेळा कमी करायचे आहे. प्रत्येक वेळी दोन्ही टोकांना एकेक, म्हणजे दोन टाके. पेन्सिलीने असे मांडून ठेवा:

पहिली ओळ: ५६
तिसरी ओळ: ५४
पाचवी ओळ: ५२
सातवी ओळ: ५०
नववी ओळ: ४८

मधल्या सम ओळी टाके कमी न करता उलट विणायच्या. चारदाच कमी केले तर सुईवर ५० टाके राहतील आणि छापलेल्या ४८ शी जुळणार नाहीत, तेव्हा वाक्य पुन्हा वाचावे लागेल हे तिथेच कळते. कमी करताना सुरुवातीला एक सुलट आणि मग 'एस एस के', शेवटी तीन टाके राहिले की 'के टू टॉग' आणि एक सुलट, असे केले तर दोन्ही कडांच्या तिरप्या रेषा एकमेकींच्या समोर सारख्या दिसतात आणि कडेचा टाका शिवणीसाठी मोकळा राहतो.

पॅटर्न त्रिकोणी गळ्याचा असेल, तर याच सुमाराला 'ॲट द सेम टाइम' हे शब्द येतात. मुंढा आणि गळा या दोन्हींचे टाके त्याच ओळींत कमी करायचे असतात. परंतु ते वाक्य बहुधा मुंढ्याच्या सूचनांनंतर छापलेले असते, आणि तोवर मुंढा विणून संपलेला असतो. म्हणून कोणताही भाग सुरू करण्याआधी तो परिच्छेद शेवटपर्यंत वाचा.

८. पुढचा भाग आणि गळा

'वर्क ॲज गिव्हन फॉर बॅक अनटिल...' असे लिहिले असले की मागच्या भागाची कृती पुन्हा करायची, फक्त 'अनटिल' नंतर काय आहे ते आधी पाहायचे. आपल्या उदाहरणात मागच्या भागाच्या खांद्यापेक्षा १६ ओळी कमी असताना थांबायचे आहे. मग ओळ येते: 'के १८, टर्न.' ४८ पैकी १८ टाके विणून काम तिथेच फिरवायचे आणि परत यायचे. उरलेले ३० टाके सुईवर तसेच राहतात, किंवा होल्डरवर घेतात. अर्धवट सोडलेली ओळ पाहून नवशिक्याला धास्ती वाटते, पण गळ्याच्या दोन बाजू स्वतंत्रपणे विणायच्या असल्याने हे असेच करावे लागते.

या १८ टाक्यांतून गळ्याच्या कडेला आधी सलग तीन ओळींत आणि मग दोनदा एकाआड एक ओळीत एकेक टाका कमी केला की १३ उरतात. सलग ओळींत कमी करताना आतल्या बाजूच्या ओळीतही कमी करावे लागते. तिथे दोन टाके एकत्र उलट विणायचे. १६ ओळी पूर्ण झाल्या की हे १३ टाके म्हणजे एक खांदा. मधले १२ टाके होल्डरवर ठेवून दुसऱ्या १८ टाक्यांना लोकर जोडा. इथे पॅटर्न फक्त 'रिव्हर्सिंग शेपिंग्ज' एवढेच सांगून मोकळा होतो. पहिल्या बाजूला गळा बाहेरच्या ओळीच्या शेवटी होता, आता तो सुरुवातीला आला आहे, म्हणून जिथे 'के टू टॉग' होते तिथे 'एस एस के' घ्यायचे. डावा खांदा, उजवा खांदा हे नेहमी घालणाऱ्याचे असतात, समोरून पाहणाऱ्याचे नसतात.

मागच्या भागाचे ४८ टाके १३, २२ आणि १३ असे वाटले जातात. मधले २२ मागच्या गळ्याचे. एक खांदा शिवून घ्या आणि गळपट्टीसाठी टाके उचला. उभ्या कडेवर दर चार ओळींना तीन टाके उचलले की पट्टी ना फुगते, ना आकसते, म्हणून १६ ओळींच्या कडेवर १२ टाके येतात. १२, १२, १२ आणि २२ मिळून ५८ होतात, आणि ५८ म्हणजे चाराचे १४ तुकडे आणि वर दोन, म्हणजे खालच्या पट्टीचीच वीण इथे बसते.

गळपट्टीचे टाके बंद करताना एक माप जाड सुई घ्या. दोन वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ४८ सेंटिमीटर असतो आणि अंगाच्या मानाने डोके मोठे असते. घट्ट बंद केलेला गळा सुंदर दिसतो, पण डोक्यातून जात नाही. खांद्यावरची बटणे याचसाठी ठेवलेली असतात.

९. जोडणी

तुकडे शिवण्याआधी पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये दाबून, मापाप्रमाणे सपाट पसरून वाळवा. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नका, त्याची लवचीकता कायमची जाते आणि पट्टी लोळू लागते. शिवण त्याच लोकरीने, बाहेरची बाजू वर ठेवून, कडेच्या टाक्यांमधले आडवे धागे एकदा या भागाचे, एकदा त्या भागाचे असे आळीपाळीने उचलत घाला.

तान्ह्या बाळासाठी विणत असाल, तर मोठ्या छिद्रांची जाळी आणि केसाळ लोकर टाळा, कारण छिद्रांत बोटे अडकतात आणि तंतू तोंडात जातात. गळ्याशी बांधायची नाडी किंवा रिबन पॅटर्नमध्ये असली, तरी तिच्याऐवजी बटण लावावे. बटणे लोकरीने न लावता शिवण्याच्या मजबूत दोऱ्याने लावा आणि मुलाला घालण्याआधी प्रत्येक बटण जोरात ओढून पाहा.